मोकळी की अतिक्रमण

रूपाली तालुक्याच्या मोजणी कार्यालयात भूकरमापक होती. सौरऊर्जेचे प्रकल्प जमिनीवाचून रखडू नयेत म्हणून राज्यानं नवा कायदा केला, आणि थंडी सरता सरता त्याचं काम तिच्या टेबलावर येऊन पडलं. गायरानाची मोजणी झाल्यापासून पंधरा दिवसांत हरकत आली नाही, तर गावाची संमती आहे असं धरायचं. पूर्वीसारखा लांबलचक पंचनामा नव्हता. टॅबवर जमिनीच्या स्थितीपुढं दोनच पर्याय होते, मोकळी किंवा अतिक्रमण. एकावर बोट ठेवलं की पुढचं पान उघडायचं.

यादीत हदगावच्या पुढचं तिचं आजोळही निघालं. तिथल्या गायरानात तिचे मामा केरबा आणि मामी भामाबाई साडेतीन एकर कसत होते. केरबाच्या बापानं दगड वेचून ती जमीन केली होती. सातबारावर मात्र ती सरकारचीच होती.

ती अर्ज घेऊन साहेबांकडं गेली. "तिथं माझे सख्खे मामा आहेत, साहेब. ही मोजणी दुसऱ्या कुणाला द्या."

"एकवीस दिवसांत सतरा गावं करायचीत. दुसरं आहे कोण माझ्याकडं?" साहेबांनी तिचा अर्ज फाइलला लावला. "तुम्ही सांगितलं, मी नोंद घेतली. दिसेल ते टाका आणि मोकळ्या व्हा."

गायरानाच्या कडेला सरपंच दगडोबा वाट बघत उभे होते. रूपालीनं मोजणीच्या रोव्हर यंत्राचा दांडा रोवला, तसे ते जवळ आले.

"तू केरबाची भाची, मला ठावं हाय. तरी सांगतो. माझा भाऊ रातच्या लाईटीवर पाणी द्यायला गेला अन् साप चावून मेला. दिवसा लाईट असती तर तो आज असता. केरबाशी माझं वैर न्हाई. पन ह्या सोलरच्या प्लेटा गावाला पायजेत."

दगडोबांच्या भावाच्या मातीला रूपाली स्वतः आली होती.

हरभरा घाट्यावर आला होता. मामा बांधावर उभे होते, मामी पाण्याचा तांब्या घेऊन आली. रूपालीनं चारी कोपरे घेतले आणि टॅबवर तो प्रश्न आला. उभ्या पिकाला मोकळी म्हणायचं कसं? आणि अतिक्रमण म्हटलं की हरकतीची मुदत सरताच आठ दिवसांत काढून टाकण्याची नोटीस. तिनं टॅब खाली घेतला, पुन्हा वर धरला.

"मामा, आजोबांचं नाव तलाठ्यानं एकोणनव्वद साली अतिक्रमणाच्या वहीत घातलं होतं. त्याची नक्कल आहे ना तुमच्याकडं?"

"पेटीत हाय. का?"

"नव्वदच्या आधीपासून कसणाऱ्यालाच जमिनीवर हक्क सांगता येतो, आणि त्याचा तेवढा एकच पुरावा आहे. मी अतिक्रमण टाकते. तुम्ही ती नक्कल लावून हरकत द्या. मग सुनावणी घ्यावीच लागते."

"म्हंजी माझ्या भाचीनंच मला चोर लिहायचं."

"मोकळी लिहिलं तर तुम्ही इथं नव्हताच असं होईल."

"जमीन नावावर करा म्हनून चार बारी अर्ज दिला. दर बारीला नवा साहेब यायचा, जागा बघून जायचा. मंग गप बसलो म्हनून आजवर टिकलो. आता तू मला उठून बोल म्हनतीस." ते वळले आणि हरभऱ्यातून सरळ चालत गेले.

रूपालीनं अतिक्रमणावर बोट ठेवलं. शेऱ्याच्या चौकटीत मोजकीच अक्षरं बसत होती. 'विहीर, उभं पीक, दोन पिढ्या' एवढं लिहून झालं, पुढचं मशीननं घेतलं नाही.

त्यानंतर तिला स्वस्थ बसवेना. मामा फोन उचलत नव्हते. दुसऱ्या गावात मोजणी चालू असतानाही ती मध्येच हरकतींचा रकाना उघडून बघायची. शून्य. हरकती मागवणारी नोटीस गावात लागली, तरी शून्य. नांदेडला घरी आईनं विचारलं, "माझ्या भावाचं काय करून राहिलीस तू?" रूपाली जेवता जेवता उठली आणि तारखा पुन्हा मोजू लागली.

चौदाव्या दिवशी दुपारी भामाबाई कार्यालयाच्या दारात उभी दिसली. एकटीच होती, हातात कॅरीबॅग.

"तुझ्या मामाला सांगितलं न्हाई. पेटीची किल्ली घेतली अन् आले."

"मामी, हरकत कुणाच्या नावानं द्यायची?"

"माझ्या. दगड म्या बी वेचलेत."

अर्ज स्वतः लिहून देणं बरोबर नव्हतं. रूपालीनं तिला बाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडं पाठवलं आणि खिडकीतून बघत राहिली. भामाबाईनं दोनदा वाचून घेतलं, मग एकेक अक्षर जोडत सही केली. पोचेवर शिक्का बसला तेव्हा कार्यालय बंद व्हायला पाऊण तास होता.

सुनावणीला केरबाही आले, मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. विहीर आणि दोन एकर, दाव्याचा निकाल लागेपर्यंत नकाशातून वगळले. दीड एकर प्रकल्पात गेलं. जिन्यात केरबा रूपालीजवळ थांबले.

"त्या दीड एकरातला हरभरा निघायला तीन हप्ते लागतेत. तवर कुंपनाची तार घालू नका म्हनाव."

ते तिच्या हातात नव्हतं. तरी तिनं तसं लिहून वर पाठवलं.

परतीच्या बसमध्ये तिला भलतंच गाव आठवलं. यादीतलं तिसरं. तिथं गायरानात कुणी नव्हतं, पीकही नव्हतं, पण एका तुकड्याला दगडांचा नीट रचलेला बांध होता. तिनं तो पाहिला होता. ऊन चढत होतं, अजून एक गाव उरकायचं होतं. तिनं मोकळी दाबलं होतं.

रविवारी ती तिथं गेली. लोखंडी खांब रोवून झाले होते. पलीकडं एक बाई दोन शेळ्या धरून उभी होती. नाव विचारलं तर तिनं सुमनबाई असं सांगितलं.

"हा तुकडा कोण पेरतं?"

"आमीच. लगीन होऊन आले तवापासून. सोयाबीन काढलं अन् ऊस तोडाया किल्लारीकडं गेलो. परवा आलो तर हे खांब."

"मोजणी मी केली होती. मोकळी मीच लिहिलं."

सुमनबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवाज चढवला नाही. "मंग आता खोडा की."

मुदत संपून दोन आठवडे झाले होते. टॅबवर खोडायची सोय नव्हती. रूपालीनं रात्रीपर्यंत न थांबता तिथंच बांधावर बसून कागदावर अहवाल लिहिला. पहिल्या ओळीत स्वतःची चूक, मग बांध, सुमनबाईचं म्हणणं, शेजाऱ्यांच्या सह्या. सोमवारी तो कार्यालयाच्या आवक नोंदीला दिला.

साहेबांनी वाचून चष्मा काढला. "याचं स्पष्टीकरण तुमच्याकडंच मागतील."

"मागू द्या, साहेब."

दहा दिवसांनी तिला स्पष्टीकरण मागणारी नोटीस आली. त्याच आठवड्यात सुमनबाईच्या तुकड्याची फेरपाहणी लागली आणि तिथलं तारेचं काम थांबलं. निकाल अजून नाही. आजोळी मात्र हरभरा निघायच्या आत तार आली. केरबांनी हिरवाच उपटून घरी नेला.

आजोळाच्या आधी अशीच घाईत उरकलेल्या सहा गावांपैकी पाच पुन्हा बघायची उरली आहेत. रूपाली दर रविवारी त्यातल्या एकाची बस धरते.