मी हलका झालो तेव्हा

मित्रांनो, मखमलाबादकडून पंचवटीच्या फुलबाजाराकडे जाताना रंग उडालेला एक निळा टेम्पो दिसला, तर ओळखा, तो मीच. माझं आता वय झालं. माझ्यासारखे पेट्रोलवर चालणारे जुने टेम्पो रस्त्यावर फारसे उरलेले नाहीत.

कारखान्यातून निघून मी खंडेरावांच्या फुलांच्या मळ्यात आलो. त्यांच्या पत्नी चतुराबाई यांनी मला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि लगेच डाव्या सीटवर बसून घेतलं. तेव्हापासून ती सीट त्यांचीच झाली. पुढे खंडेराव गेले, मुलगा नवनाथ मला चालवू लागला, तरी रोज पहाटे चतुराबाई डावीकडे असायच्याच. मांडीवर गुलाबाची पाटी आणि पाटीवर ओलं फडकं. कोणत्या हारवाल्याला कशी फुलं लागतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. बाजारात त्या फुलं विकायच्या आणि मैत्रिणींशी पोटभर बोलून घ्यायच्या.

वर्षं सरली तसा मला दम लागू लागला. मळ्यातून डांबरी रस्त्यावर येणारा छोटासा चढही मला जड जाई, आणि पेट्रोल तर मी पाण्यासारखं पीत होतो. वडिलांचा टेम्पो विकायला नवनाथचं मन धजेना. म्हणून तो मला भिका मेस्त्रीच्या गॅरेजवर घेऊन गेला.

भिकानं माझा कार्बोरेटर उघडून धुतला, झिजलेले भाग बदलले, इंजिनाचं टायमिंग नीट लावलं. माझे ब्रेक चाकांना घासत होते, ते त्यानं मोकळे केले. हौद्याचे जाड पत्रे काढून हलक्या जाळ्या बसवल्या. गाडीवरचं फुकटचं वजन उतरलं की ताकदही वाढते आणि पेट्रोलही वाचतं, असं त्यानं नवनाथला समजावून सांगितलं. तेव्हा नवनाथची नजर डाव्या सीटकडे गेली.

"ही पण काढ. इथं क्रेट बसतील."

भिकानं पाना खाली ठेवला. "भाऊ, मग मावशी कुठं बसतील?"

"तिला आता घरी आराम पायजे."

आराम हवा की नको, हे चतुराबाईंना कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पाटी घेऊन आल्या. दार उघडलं तर आत क्रेट रचलेले. त्यांनी पाटीवरचं फडकं नीट केलं. मग "बरं केलं, जागा झाली," असं म्हणून त्यांनी पाटी क्रेटवर ठेवली आणि दार हलकेच लावलं.

तो चढ मी एका दमात चढलो. नवनाथ खूश झाला, त्यानं मला शाबासकी दिली. मीही फुशारलो. पण माझ्या आरशात फाटकाजवळ उभ्या चतुराबाई दिसत होत्या, आणि ते दृश्य मला पुसून टाकता येत नव्हतं.

बाजारात हार गुंफणाऱ्या सुलाबाई या चतुराबाईंच्या जुन्या मैत्रीण. त्या रोज विचारायच्या, चतुरा का येत नाही. गुडघे दुखतात, असं नवनाथ सांगायचा. एका दुपारी सुलाबाई चोळायच्या तेलाची बाटली घेऊन रिक्षानं थेट मळ्यात आल्या. चतुराबाई तेव्हा झेंडू तोडत होत्या. मैत्रिणीला पाहताच त्या सरी ओलांडत झपाझप आल्या.

"नवनाथ म्हणला, तुला गुडघ्यानं उभं राहवत नाय," सुलाबाई म्हणाल्या. "मग मळ्यात काय करती?"

नवनाथ माझ्या चाकाकडे बघत राहिला. चतुराबाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग त्या गुडघा धरून घराच्या पायरीवर बसल्या.

"लय ठणकतो गं. आत्ता जरा बरंय, सकाळी उठवत नाय."

आणि सुलाबाई जाईपर्यंत त्या लंगडल्या. चहा करायला लंगडत गेल्या, कप घेऊन लंगडत आल्या. रिक्षा वळली तसं त्यांचं लंगडणं थांबलं. नवनाथला त्या एका शब्दानंही बोलल्या नाहीत. तो माझ्यात येऊन क्रेटशेजारी बसला, स्टिअरिंगवर कपाळ टेकून. त्या वेळी मला माझ्या हलकेपणाची लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी तो भिकाकडे गेला. जुनी सीट भंगारात गेली होती. भिकानं दुसरी शोधून आणली आणि नवनाथनं तिचे बोल्ट स्वतः आवळले.

पुढच्या पहाटे चतुराबाईंनी सीटवरून हात फिरवला. "पेट्रोल जास्त लागंल ना रे?"

"लागू दे."

वाटेत त्या हळूच म्हणाल्या, "सुलाला काय सांगू? गुडघा बरा झाला म्हणू?"

"तू काही म्हणू नको, आई. मी सांगतो."

बाजारात तो सुलाबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "मावशी, आईचा गुडघा दुखतच नव्हता. मीच तिची सीट काढून टाकली होती."

सुलाबाईंची सुई हारात थांबली. त्या रागावल्या नाहीत. सरकून गोणपाटावर जागा केली आणि म्हणाल्या, "बस, चतुरा." नवनाथशी मात्र त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत.

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांची देखभाल करा, आम्हाला सुधारा, ते आम्हाला हवंच असतं. पण आमच्यातली एखादी जागा काढताना तिथं बसणाऱ्या माणसाला आधी विचारा.

तो चढ मी आजही एका दमात चढतो. चतुराबाईंचं वजन मला जाणवतही नाही. नवनाथ रोज खाली उतरून त्यांच्या बाजूचं दार स्वतः लावतो. तेव्हा त्याची मान अजून खालीच असते.