एकाच छिद्राचा ओरखडा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि आईचा शेवेचा सोऱ्या आठवा. त्याच्या तळाशी छिद्रांची चकती असते ना? आता अशी कल्पना करा, की ती छिद्रे केसासारखी बारीक आहेत आणि त्यांतून पिठाऐवजी वितळलेले पॉलिस्टर खाली येत आहे. मी तशीच एक जुनी पोलादी चकती आहे. माझ्या बहात्तर छिद्रांतून बहात्तर तंतू एकदम पडत. त्यांचा एक धागा होई आणि पुढे त्याच्या साड्या रायपूरच्या पंडरी कापडबाजारात जात.

रायपूरजवळच्या आमच्या कारखान्यात प्रमोदिनी ही केमिकल इंजिनिअर नवी लागली, तेव्हा मला कसे हाताळायचे ते तिला सफाईवाल्या लहानूने शिकवले. "पितळीच सुई घेजा, मॅडम. लोखंड लावलं का हे बाई रुसते!" एकोणीस वर्षांत ती विभागप्रमुख झाली. लहानू सफाईवरच राहिला. पण त्याने मला ओरखडा म्हणून पडू दिला नाही.

गेल्या महिन्यात माल घाईचा होता. लहानू जेवायला गेला होता. माझ्या एका छिद्रात जळका कण दिसला आणि पितळी सुई सापडेना. प्रमोदिनीने ओढणीची पिन काढून टोचली. कण निघाला, पण छिद्र ओरबाडून रुंद झाले. मी ओरडणार तरी कशी?

तिथला तंतू जाड पडू लागला. कापड रंगवल्यावर पट्टे उमटले. व्यापाऱ्याने गठ्ठे परत पाठवले. तपासात माझे ओरबाडलेले छिद्र सापडले आणि सफाईच्या वहीत त्या दिवशी सही लहानूची होती. मॅनेजरसाहेबांनी सोमवारी त्याला कामावरून काढायचे ठरवले.

"मॅडम, तुम्हीच सांगा ना त्यायले. मी काहून लोखंड लावीन?"

ती "बघते" एवढेच म्हणाली.

भंगारात जायच्या आधी तिने मला रुमालात बांधून समता कॉलनीतल्या घरी आणले. रविवारभर ती मला उचलत होती, ठेवत होती, पुन्हा उचलत होती. चहा दोनदा गार झाला. शेवटी तिची दहा वर्षांची ज्ञानदा भिंग घेऊन आली.

"मम्मी, ये एक छेद टेढ़ा क्यों है?"

"पिन टोचली कुणीतरी."

"कौन ऐसा पागल?"

प्रमोदिनीने मला रुमालावर ठेवले. मग म्हणाली, "मीच गं."

"और डाँट किसको पड़ी?"

"लहानूकाकांना. उद्या त्यांची नोकरी जाईल."

मित्रांनो, माझे छिद्र आता पुन्हा गोल होणार नाही, आणि त्याची मला तक्रारही नाही. नाजूक वस्तूला घाईचा हात लावू नका. लागलाच, तर त्याच दिवशी सांगून टाका. आपण जितका उशीर करतो, तितके दुसऱ्याला भोगावे लागते.

ज्ञानदाने भिंग खाली ठेवले. आईला ती रागावली नाही. खिळ्यावरची स्कूटरची किल्ली काढून तिने आईच्या हातात दिली.

"काका का घर उरला बस्ती में है ना? चलो."

आणि चपला घालून, फाटक उघडून, ती स्कूटरवर मागे जाऊन बसली.