ब्रुनेनश्टाटचं घराणं

“हे चमचे नकोत. चांदीचे काढ,” पद्माकर स्वयंपाकघराच्या दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाला. बाहेर वळला तेव्हा त्याचा चेहरा पुन्हा हसरा झालेला होता.

नीलिमाने चांदीचे चमचे काढले नाहीत. रोजचेच स्टीलचे पुसून ट्रेमध्ये ठेवले. साबुदाणावडे तळून झाले होते. पाहुणीला तिखट चालणार नाही म्हणून त्याने मिरची घालू दिली नव्हती, आणि त्या फिकट वड्यांकडे बघूनसुद्धा तिला राग येत होता.

पाहुणी म्हणजे फ्राऊ ब्रांट. सत्तरी ओलांडलेली, उंच, पांढरे केस बारीक कापलेली बाई. जर्मनीतल्या ब्रुनेनश्टाट नावाच्या लहानशा गावातल्या संग्रहालयात तिने सगळी नोकरी केली होती. मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जाताना ती दोन दिवस सिंगापूरला थांबली होती ती केवळ पद्माकरला भेटायला. चोआ चू कांगच्या अकराव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये पद्माकरला भेटायला म्हणून इतक्या लांबून कुणी कधी आलं नव्हतं.

पद्माकर रॅफल्स प्लेसच्या एका जर्मन बँकेत अकाउंटंट होता. बँकेने एकदा ट्रेनिंगला जर्मनीत पाठवलं, तिथे एका रविवारी तो या गावी गेला, ड्यूकांचा राजवाडा आणि त्यांची थडगी बघून आला, आणि ते वेड घेऊनच परतला. रात्री क्लास लावून जर्मन शिकला. ब्रुनेनश्टाटच्या ड्यूकांच्या घराण्यात कोण कधी जन्मलं, कुणाचं लग्न कुणाशी झालं, कोण कशाने गेलं, हे सगळं गोळा करून रिटायर झाल्यावर त्याने इंटरनेटवर मांडलं. महाराष्ट्र मंडळात लोक त्याला ‘ड्यूकसाहेब’ म्हणत. त्यातली चेष्टा नीलिमाला कळायची. त्याला कळायची नाही, किंवा तो कळू द्यायचा नाही.

ती ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा फ्राऊ ब्रांट भिंतीवरचा अमेयचा पदवीदानाचा फोटो बघत होती.

“हा मुलगा का तुमचा?” तिने सावकाश इंग्रजीत विचारलं. “मुलं किती तुम्हाला?”

“एक,” पद्माकर म्हणाला. “सिएटलला असतो.”

नीलिमाने बशी ठेवली. त्या फोटोशेजारी भिंतीवर एक फिकट चौकोन होता. तिथे गार्गीचा फोटो असायचा. दोन वर्षांपूर्वी गार्गीने प्रबोध मेश्रामशी रजिस्टर लग्न केलं. प्रबोध नागपूरचा, चांगला इंजिनिअर, शांत मुलगा. पण त्याचं आडनाव ऐकलं आणि पद्माकर जेवता जेवता पानावरून उठला. “चिनी पोरगा आणला असता तर एक वेळ चाललं असतं,” असं तो गार्गीच्या तोंडावर म्हणाला होता. नीलिमा तेव्हा गप्प बसली. भीतीने नव्हे. तिलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पहिल्या दिवाळीला गार्गीने फोन केला तेव्हा नावाकडे बघत तिने तो वाजू दिला होता. पुन्हा फोन आला नाही, आणि मग गप्प बसण्याची सवय पडून गेली.

फ्राऊ ब्रांटने वड्याचा तुकडा मोडून खाल्ला, मान डोलावली आणि मुद्द्यावर आली. “हेर दामले, तुमचं काम आमच्या गावातल्या कुणाला जमलं नाही इतकं चोख आहे. फक्त एक राहिलंय. झोफी.”

“राहिलेलं नाही. मी वगळलंय,” पद्माकर म्हणाला.

“कोण झोफी?” नीलिमाने विचारलं.

पद्माकरने चमकून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या घराण्यातल्या एकाही माणसाबद्दल तिने कधी विचारलं नव्हतं.

“शेवटच्या ड्यूकची बहीण,” फ्राऊ ब्रांट तिच्याकडे वळून बसली. “संगीत शिकवायला येणाऱ्या मास्तराशी तिने लग्न केलं. साधा माणूस, चांभाराचा मुलगा. घराण्याने तिचं नाव काढून टाकलं. पाच मुलं झाली तिला. त्यांचे वंशज आजही आमच्या गावात आहेत. माझे दंतवैद्य त्यांच्यातलेच.”

“असमान विवाह,” पद्माकर म्हणाला. “नियम मी केलेला नाही, घराण्याचाच आहे. घराण्याने जे मानलं तेवढंच मी मांडतो. उद्या दंतवैद्यांना ड्यूकांच्या रांगेत बसवायचं का?”

“आणि तिची आई?” नीलिमा म्हणाली.

“आई?”

“झोफीची. ती होती ना तेव्हा?”

“होती. नंतर वीस वर्षं होती,” फ्राऊ ब्रांट म्हणाली. “त्याच गावात. राजवाड्यापासून झोफीचं घर चार गल्ल्या पलीकडे. आमच्याकडचे लोक सांगतात, दोघी रविवारी एकाच चर्चमध्ये यायच्या. बोलायच्या मात्र नाहीत.”

गार्गी राहत होती ते वुडलँड्स चोआ चू कांगहून मेट्रोच्या त्याच लाइनवर होतं. गाडी बदलावीही लागत नसे.

तेवढ्यात बाहेरच्या लोखंडी गजांच्या दारावर टकटक झाली. शेजारच्या मिसेस टॅन उभ्या होत्या, हातात मिठाईचा खोका. मुलाकडे जोहोरला गेल्या होत्या, नुकत्याच परतल्या होत्या.

“आंटी, काँग्रॅच्युलेशन्स आह!” त्यांनी गजांमधूनच हात हलवला. “तुमचा जावई मंगळवारी आला होता. त्याने बेल वाजवली, वाजवली, कुणी उघडलं नाही. मग स्वीट्स माझ्याकडे दिले. ग्रँडडॉटर लाह! फोटो पण दाखवला. सो फेअर, सो मच हेअर!”

नीलिमाने दार उघडून खोका घेतला. थँक्यू म्हटलं की नाही, ते तिला आठवेना. मिसेस टॅन गेल्या.

“नात!” फ्राऊ ब्रांट उठूनच उभी राहिली. “हेर दामले, आणि तुम्ही बोलला नाहीत!”

“काहीतरी घोटाळा झालाय. आम्हाला मुलगी नाही,” पद्माकर इंग्रजीत म्हणाला आणि तोंडावरचं हसू तसंच ठेवून मराठीत म्हणाला, “तो खोका आत ठेव. आणि तूही आतच थांब.”

“मंगळवारी मी बाजारात गेले होते,” नीलिमा म्हणाली. “तुम्ही घरात होतात.”

“पाहुण्यांसमोर नको.”

“बेल ऐकलीत ना तुम्ही?”

“ऐकली. दाराच्या भोकातून पाहिलं. उघडायचं नव्हतं, नाही उघडलं. माझं घर आहे हे.”

“मला सांगितलं नाहीत.”

“सांगून काय करणार होतीस? आरती घेऊन जाणार होतीस? तेव्हा तूसुद्धा रडत होतीस. लोकांना तोंड कसं दाखवू म्हणून रडत होतीस, विसरलीस?”

“नाही विसरले.”

“मग आता सोवळेपणा मला शिकवू नकोस.”

फ्राऊ ब्रांटला शब्द कळत नव्हते, पण बाकी सगळं कळत होतं. तिने पर्स उचलली. “मी निघते. हेर दामले, झोफीचं नाव घालाल?”

“नाही,” पद्माकर म्हणाला. “माझ्या हयातीत नाही.”

फ्राऊ ब्रांटने त्याच्याशी हात मिळवला नाही. नीलिमा पायात चपला सरकवून तिच्याबरोबर बाहेर पडली.

“कुठे निघालीस?”

“वुडलँड्सला.”

“गेलीस तर रात्री मला वाढायला येऊ नकोस.”

“भात कुकरमध्ये आहे,” नीलिमा म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

गार्गीचा पत्ता तिला ठाऊक होता. मागे एकदा त्या ब्लॉकखाली जाऊन, वर बघून, ती परत आली होती. आज ती लिफ्टने वर गेली. कॉरिडॉरमध्ये दाराबाहेरच वाळत घालायचा स्टँड होता. त्यावर लंगोट, टोपडी, बोटभर मोजे. आतलं दार उघडं होतं, बाहेरचं गजांचं कुलूपबंद.

प्रबोधची आई पुढे आली. नागपूरहून बाळंतपणाला आलेली, डोक्यावर पदर घेतलेली बुटकी बाई. नीलिमाला तिने कधी पाहिलं नव्हतं, तरी चेहऱ्यावरून ओळखलं असावं.

“या नं बाई. अशा बाहेर काहून उभ्या? थांबा, किल्ली आणतो मी.”

“आई, राहू द्या,” आतून गार्गीचा आवाज आला.

नीलिमाला क्षणभर वाटलं, हाक तिलाच मारली. मग लक्षात आलं, ती या बाईला होती.

गार्गी दाराशी आली. सुजलेले डोळे, विस्कटलेले केस, अंगात सैल गाऊन. बाळ तिच्याजवळ नव्हतं.

“कशाला आलीस?”

“मला आज कळलं, गार्गी. आत्ता. त्यांनी सांगितलंच नाही.”

“मंगळवारचं आज कळलं. आणि दोन वर्षांचं?”

“ऑपरेशन झालं माझं,” गार्गी म्हणाली. “टेबलवर नेत होते तेव्हा नर्सने विचारलं, मदर आहे का? मी म्हटलं, नाही. प्रबोध वेडा आहे म्हणून पेढे घेऊन आला तिकडे. मी नको म्हणत होते.”

“एकदा बघू दे तिला. लांबून.”

“आज नको.”

“नाव काय ठेवणार?”

“तुला कशाला हवंय?” गार्गी म्हणाली आणि आत गेली.

प्रबोधची आई तिथेच घुटमळली. तिने गजांमधून पाण्याचा पेला बाहेर दिला. “कच्ची बाळंतीण हाय बाई, राग मनावर नका घेऊ,” असं हळूच म्हणाली आणि आत बाळ रडायला लागलं म्हणून तीही गेली.

नीलिमा पाणी प्यायली. पेला दाराशी ठेवला. आभाळ भरून आलं होतं आणि कॉरिडॉरच्या कठड्यावरून थेंब आत उडू लागले होते. तिने स्टँडवरचे कपडे काढायला सुरुवात केली. चपलांच्या रॅकवर बसली, मांडीवर एकेक लंगोट पसरून हाताने सारखा केला, घडी घातली. आत बाळाचं रडणं वाढलं, मग दूध मिळाल्यासारखं अचानक थांबलं. ती ऐकत राहिली.

बऱ्याच वेळाने गार्गी कपडे घ्यायला दाराशी आली आणि थबकली. नीलिमा घड्यांची चळत दोन्ही हातांवर घेऊन उठली. चळत गजांतून जाणार नव्हती.

गार्गीने कुलपाकडे पाहिलं, मग आपल्या आईकडे. किल्ली शेजारच्याच खिळ्याला होती. तिने ती घेतली नाही. गजांमधून हात बाहेर काढला.

नीलिमाने वरचा लंगोट तिच्या हातावर ठेवला. मग दुसरा. मग टोपडं. घडी मोडू नये म्हणून ती अगदी सावकाश देत होती, आणि गार्गीही घाई करत नव्हती.