जेवणाच्या डब्यामागचा डबा

"ताडपत्रीखाली काय होतं गं मावशे?" मालगाडीचा शेवटचा डबा फाटकावरून गेला न गेला तोच रुळांपलीकडून बातो ओरडला.

"तुझी सासू!" फाटकवाली क्लावा इकडून ओरडली. "पाय बाहेर आले होते, दिसले नाहीत?"

बातो ट्रकच्या पायरीवर उभा राहून खिदळला. ट्रकभर गवत, गवतावर हातभर बर्फ. "बरं, उचल की आता फाटक."

"नाही. पॅसेंजर येतीय."

"ती पॅसेंजर?"

"तीच."

बातो पायरीवरून खाली उतरला. ती गाडी कुठली, ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. क्लावाच सांगत फिरली होती. गाडीत तिची लेक वार्या होती, आणि वार्याचा पोरगा ग्लेब. पोरगा चालायला-बोलायला लागला तरी आजीनं त्याला पाहिला नव्हता. वार्या लग्न करून पार समुद्राकाठी गेली, तिथून येणंजाणं कुठलं. एकदा फोटो आला होता. त्यात फरची टोपी आणि दोन गाल, बाकी काही नाही. आता जावयाची बदली झाली म्हणून बिऱ्हाड घेऊन बैकाल सरोवराच्या पलीकडं निघाली होती. गाडी इथं थांबत नाही. जिथं थांबते तिथवर जायचं तर सुट्टी हवी, आणि क्लावाच्या जागी उभी राहणारी बाई तापानं पडलेली. शेवटी वार्यानं तार केली. जेवणाच्या डब्यामागचा डबा. तुझ्या बाजूची खिडकी. ग्लेबला उचलून धरते.

क्लावाला एकच बघायचं होतं. नाक कुणाचं आलंय? विहीणबाईनं पत्रात लिहिलं होतं, आमच्या घराण्याचं आलंय. ते वाचून क्लावाला असा संताप आला की पत्र थेट शेगडीत गेलं.

पण गोची होती. फाटकवालीनं गाडी बघायची म्हणजे चाकं बघायची. हातात गुंडाळलेला पिवळा झेंडा धरायचा, नजर खाली लावायची आणि इंजिनापासून शेपटापर्यंत एकही चाक सोडायचं नाही. इतक्या वर्षांत तिनं गाड्या पाहिल्या त्या सगळ्या कमरेखालीच.

"आज तेवढं वर बघ," बातो म्हणाला. "एका डब्याची चाकं नाही बघितली तर काय आभाळ कोसळतंय?"

"बघणारच आहे. तू कोण सांगणारा!"

लांबून शिट्टी आली. मग बर्फाचा लोट उडवत इंजिन आलं, धडधड करत गेलं. पहिले डबे गेले. चाकं ठीक. मध्येच तिनं चोरून मान वर करून बघितली. जमतंय की! पडदे, चहाचे ग्लास, नुसत्या बनियनवर अंडं सोलत बसलेला एक माणूस. परत खाली. ठीक. जेवणाचा डबा आला. आता याच्या मागचा. ती मान उचलणार, तेवढ्यात करकर कानात घुसली.

जेवणाच्या डब्याचं मागचं चाक फिरतच नव्हतं. नुसतं घासत चाललं होतं. ब्रेकमध्ये बर्फ गच्च बसलेला, खालून ठिणग्या. क्लावाची नजर त्या चाकाला जी चिकटली ती ते दिसेनासं होईस्तोवर. भान आलं तेव्हा समोरून शेवटचा डबा चालला होता.

तिनं एक सणसणीत शिवी हासडली. कुणाला, तिलाही माहीत नाही. लाल झेंडा फडकवला, केबिनमध्ये धावली आणि फोनवर ओरडली, "मास्तर, पॅसेंजर थांबवा! जेवणाचा डबा, मागचं चाक जाम!"

गाडी पलीकडच्या रुळांवर, पुढच्या सिग्नलला थांबली. फाटकावरून तिचं शेपूट दिसत होतं. पळत गेलं तर ग्लासातला चहा निवायच्या आत पोचावं, एवढंच अंतर.

"जा मावशे!" बातो हात हलवत ओरडला. "झेंडा दे इकडं, मी उभा राहतो!"

क्लावा निघालीसुद्धा. अलीकडचे रूळ ओलांडले आणि केबिनमधली घंटी वाजली. समोरून मालगाडी सुटली होती, अलीकडच्या रुळांवर.

तिनं बातोकडं बघितलं. टोपी तिरकी, मिशीत गवताची काडी.

"जाम चाक कसं दिसतं, ठाऊक आहे का रे तुला?"

"सांग ना, कळेल!"

"आता शाळा घेऊ तुझी?" ती मागं फिरली. "तूच जा! पळ! नाक बघून ये. नीट बघ!"

बातो गुडघाभर बर्फातून धडपडत पळाला. मालगाडी आली. ओंडके, तेलाच्या टाक्या, कोळसा. क्लावा झेंडा धरून उभी. डब्यांच्या फटींतून पलीकडं काहीतरी लुकलुकत होतं. तिनं तिकडं बघितलं नाही. चाकं बघितली, सगळी.

मालगाडी संपली तेव्हा सिग्नलपाशी काही नव्हतं. बातो परत येत होता.

"काय?"

"थांब गं, दम..."

"नाक!"

"लाल होतं."

"मुडद्या!"

"खरंच! थंडीनं नुसतं गाजर झालेलं. कुणाचं ते कसं कळणार?" बातोनं बर्फात थुंकून श्वास घेतला. "पोरगं खाली उतरलेलं. वार्या ओढतीय, तर येत नाही. डब्याखाली वाकून, बर्फ फोडणाऱ्या हातोडीवाल्याला विचारतंय, हे का फिरत नाही, हे का फिरत नाही. त्यानं दोनदा हाकललं, तरी तिथंच."

क्लावा झेंडा गुंडाळायला लागली.

"वार्या रडत होती. म्हणाली, आम्ही खिडकी बडवली, आईनं वर बघितलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. तर पोरगं म्हणतं, आजीनं गाडी थांबवली? एवढी मोठी? कुठाय आजी? मी फाटकाकडं बोट दाखवलं. टाचा उंच करकरून बघत होतं."

"मग?"

"मग काय. मध्ये तुझी मालगाडी."

क्लावानं फाटक उचललं. बातो थोडा वेळ तिथंच घुटमळला, मग ट्रक चालू करून निघून गेला. मागं गवताच्या काड्या पडल्या. बर्फ परत भुरभुरायला लागला होता, रुळांच्या खाचा भरत होत्या. तिनं झाडू घेतला आणि खाचा साफ करायला लागली. दोन फटकारे मारायची आणि मान वर करून सिग्नलकडं बघायची. परत दोन फटकारे, परत मान वर.