आधी खुंटी, मग नाच

"मॅच संपली की आधी याला घरी आणायचं. खुंटीवर ठेवायचं. मग जा कुठं नाचायला जायचं तिकडे!"

डोरीनबाईंचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या कधी मोठ्याने बोलायच्या नाहीत. हेही त्यांनी हळूच सांगितलं होतं, चहाची किटली उतरवता उतरवता. पण ज्याला सांगितलं त्याने ते पन्नास वर्षं पाळलं.

मित्रांनो, मी एक जुना मफलर आहे. हातविणीचा, लोकरीचा, एक पट्टा काळा आणि एक पांढरा. इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या फुटबॉल संघाचे हेच रंग. तिथून जवळच, वॉल्सएंडच्या चढावर एक विटांचं घर आहे, त्याच्या स्वयंपाकघरात दारामागे पितळी खुंटी आहे. तो माझा मुक्काम.

माझा जन्मही तिथलाच. डोरीनबाई संध्याकाळची प्रार्थना म्हणता म्हणता विणायच्या. ओठ हलत असायचे, सुया चालत असायच्या. आम्ही जुळे होतो. मी त्यांच्या नवऱ्यासाठी, मॅटी हेपलसाठी, आणि माझा भाऊ मॅटीच्या धाकट्या भावासाठी, नॉरीसाठी. शेवटच्या पट्ट्याला पांढरी लोकर पुरली नाही. तेव्हा त्यांनी आपल्या तान्ह्या बाळाच्या स्वेटरातली उरलेली लोकर घेतली. ती सायीच्या रंगाची होती. म्हणून आम्हा दोघांचं एकेक टोक सायीसारखं पिवळसर. हजार मफलरांत आम्ही ओळखू आलो असतो.

दोघे भाऊ जहाजांच्या कारखान्यात कामाला होते. शनिवारी दुपारी आम्हाला गळ्यात बांधून मॅचला जायचे. केवढा तो आवाज! गोल झाला की मी हवेत, हरलो की मी मॅटीच्या दातांखाली. माझ्या एका कडेला अजून त्याच्या दातांची खूण आहे.

आता सांगतो ते सांगताना माझी लोकर आजही आखडते.

दुसऱ्या हिवाळ्यात एका शनिवारी मॅच जिंकून दोघे गावातल्या एका नाचघराच्या दाराशी आले. दारावरच्या आडदांड माणसाने हात मध्ये घातला. "गळ्यात संघाचा रंग असेल तर आत नाही." मॅचच्या दिवशी तिथे हीच रीत आहे, आजही. रंग दिसले की पेल्यांच्या आधी डोकी फुटतात, म्हणून. मग पोरं काय करतात? शेजारच्या बोळात जातात आणि भिंतीवरच्या पन्हाळ्याच्या पाइपामागे मफलर खोचून ठेवतात.

"दोन तासांनी घेऊच की परत," नॉरी म्हणाला. त्याने माझ्या भावाला पाइपामागे कोंबलं. मॅटी मलाही कोंबणार होता. पण त्या दिवशी बाळाला ताप होता, म्हणून तो म्हणाला, "जाऊ दे, मी घरी जातो." आम्ही बोळाबाहेर पडलो. मी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. पाइपामागून माझ्या भावाचं सायीच्या रंगाचं टोक तेवढं दिसत होतं.

नॉरी बाहेर आला तेव्हा पाइपामागे काही नव्हतं. तो तीन रविवार त्या बोळात शोधत राहिला.

त्याच वसंतात कारखान्यात लोखंडी पत्रा सुटून अंगावर पडला आणि नॉरी गेला. आमच्याकडे माणूस गेला की शवपेटीवर त्याचा मफलर ठेवतात. नॉरीचा नव्हताच. मग डोरीनबाईंनी मला घेतलं आणि तासभर त्या लाकडावर, माझ्या भावाच्या जागी ठेवलं. मी तिथे पडून होतो आणि थरथरत होतो. परत आल्यावर त्यांनी मला खुंटीवर अडकवलं आणि किटली उतरवता उतरवता मॅटीला ते वाक्य सांगितलं.

मॅटीने मान हलवली. झालं, तोच त्याचा नेम.

मॅच संपली की बाकीचे पबकडे वळायचे आणि मॅटी स्टेशनकडे. घरी यायचा, मला खुंटीवर ठेवायचा, आणि मगच टेबलाशी बसून दोन घास खायचा. मी खुंटीवर नाही तोवर तो बसत नसे. वाटलं तर पुन्हा गावात जायचा. तोवर मित्रांचे दोन-दोन पेले झालेले असायचे.

"आलास का मफलरला झोपवून?" ते ओरडायचे. "दूध पाजलंस ना? ढेकर काढलास?"

"काढला," मॅटी शांतपणे म्हणायचा. "तुझ्यापेक्षा बरा ढेकर देतो तो."

उन्हाळ्यात मोसम संपला की डोरीनबाई मला वर्षातून एकदा गार पाण्यात धुवायच्या आणि टॉवेलावर पसरून सावलीत वाळवायच्या. मोसमात धुणं वर्ज्य. अपशकुन होतो म्हणतात. न धुताही आम्ही किती वेळा हरलो, पण नेम म्हणजे नेम.

दोन वर्षांपूर्वी डोरीनबाई देवाघरी गेल्या. मॅटीचे गुडघेही गेले. स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरच्या आमच्या जागेपर्यंत आता त्याला चढवत नाही. त्याची नात कर्स्टी त्याच्याजवळ राहते. दिवसभर चष्म्यांच्या दुकानात काम करते आणि संध्याकाळी त्याला जेवायला घालते. पोर मायेची आहे, पण वाऱ्यासारखी. एक गोष्ट हातात आणि चार डोक्यात.

मी खुंटीवर लटकून दिवस काढत होतो. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? विसरले मला, म्हणून वाईट वाटत होतं. पण सुरक्षितही वाटत होतं.

मग तो बुधवार आला. कर्स्टी आणि तिची लहानपणापासूनची मैत्रीण शेल स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या. मिठाच्या डबीला टेकवून फोन उभा केला होता आणि त्यात दूर ब्रिस्टलहून त्यांची तिसरी मैत्रीण इमोजेन दिसत होती. शनिवार-रविवार मजा करायला ती येणार होती. मॅटी कोपऱ्यात आरामखुर्चीत पेपर वाचत होता.

"शुक्रवारी रात्री नदीकाठ," इमोजेनने यादी वाचायला घेतली. "शनिवारी तीनला मॅच. पाचला संपेल. सहाला बारमध्ये टेबल, आठला नाच. रविवारी समुद्रावर मासे-बटाटे. बरोबर?"

"सहाचं टेबल म्हणजे सहाचं," शेल म्हणाली. "सव्वासहाला दुसऱ्याला देऊन टाकतात. माझ्या वाढदिवसाला आठवतंय? आम्ही बाहेर, आणि आमच्या खुर्च्यांवर कुठलीशी लग्नाची वरात."

"कोट कोणता आणू?"

कर्स्टी आणि शेल दोघी खो-खो हसल्या.

"कोट?" शेल म्हणाली. "अगं बाई, शनिवारी गावात कोट घालून फिरलीस तर लोक विचारतील, ताप आहे का म्हणून. नाचघरात कोट जमा करायच्या खिडकीपुढे अर्धा तास रांग असते. इथं कोणी कोट घालत नाही."

"जानेवारीत?"

"जानेवारीतच तर खरी मजा!"

इमोजेनची नजर दाराकडे गेली. "तो मागे काय लटकतोय? कित्ती गोड! कर्स्टी, तो घाल ना मॅचला. रात्री कमरेला बांधू, फोटो छान येतील."

कमरेला! नाचताना! माझा टाका न् टाका आवळला.

"छे, रंग घालून आत घेत नाहीत," कर्स्टी म्हणाली.

"मग काय झालं?" शेल म्हणाली. "मफलर बोळात पाइपामागे खोचून ठेवू. सगळेच ठेवतात. दोन तासांनी घेऊच की परत."

तेच शब्द. एकही इकडचा तिकडे नाही.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. मॅटीकडे पाहिलं. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं आणि तो नेमका कान टेबलाकडे होता. पण मफलर हा शब्द त्याला कसा कोण जाणे ऐकू गेला. त्याने पेपर खाली केला.

"त्याला नेतेस का, पोरी?"

"नेऊ का, आजोबा?"

त्याने पेपराची घडी घातली. मला वाटलं, नाही म्हणेल. देवा, नाही म्हणू दे.

"ने," तो म्हणाला. "त्यालाही बरेच दिवस झाले मॅच बघून. पण संपली की आधी घरी आणायचं. खुंटीवर ठेवायचं. मग जा कुठं नाचायला जायचं तिकडे. आणशील?"

"हो हो, आजोबा," कर्स्टी म्हणाली. तिचं बोट फोनवर होतं, ती नाचघराचं पान खाली सरकवत होती.

"मी तोवर बसत नाही. तुला ठाऊकच आहे."

"हो, ठाऊक आहे."

ती वर बघून बोलली नाही. यादीत शुक्रवार होता, नदीकाठ होता, सहाचं टेबल होतं, मासे-बटाटे होते. 'घर' हा शब्द कुठेच नव्हता. स्टेडियमपासून घरापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे मॅचच्या गर्दीत सव्वा तास तरी हवा. पाच आणि सहाच्या मध्ये तो मावत नव्हता. हे मला खुंटीवरून दिसत होतं. त्यांना टेबलावरून दिसत नव्हतं.

त्या रात्री झोपायला जाताना मॅटी माझ्यापाशी थांबला. बोटांनी सायीच्या रंगाचा पट्टा सरळ केला. "हो म्हणालीय ती," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कुणास ठाऊक. बिचारा निर्धास्त होता. मी नव्हतो. गुरुवार आणि शुक्रवार मी भीतीत काढले. दार उघडलं की दचकायचो. खिडकीबाहेर पन्हाळ्यातून पाणी गळायचं आणि मला फक्त पाइप दिसायचा.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाची तरी अशी एखादी जुनी वस्तू असेल. फाटकी वाटेल, वास येत असेल. नेलीत तर जरूर न्या, आम्हाला बाहेर पडायला आवडतं. पण जिथून उचललीत तिथे आणून ठेवा. आम्हाला पाय नाहीत. आमची परतीची वाट तुमच्याच हातात असते. आणि कुणाला 'हो' म्हणाल तेव्हा क्षणभर मान वर करून म्हणा. एवढंच मागणं.

शनिवारी कर्स्टीने मला गळ्यात घेतलं. मॅटीने दारापर्यंत येऊन हात केला.

मॅच कशी झाली ते मी धड सांगू शकत नाही. एक-एक अशी बरोबरी होती आणि शेवटच्या मिनिटाला आपला गोल झाला. पन्नास हजार माणसं एकदम उठली. कर्स्टीने मला दोन्ही हातांनी डोक्यावर ताणलं. तेवढा एक क्षण मी भीती विसरलो. मग शिट्टी वाजली आणि भीती परत आली.

"पळा!" इमोजेन ओरडली. थंडीने तिचे ओठ निळे झाले होते. "पावणेसहा होतील पोचेपर्यंत!"

त्या उताराने गावात शिरल्या. बारच्या दारावरही एक आडदांड माणूस उभा होता. पन्नास वर्षांपूर्वीचा नव्हे, पण उभा तसाच. त्याने कर्स्टीच्या गळ्याकडे बोट केलं. "ताई, रंग बाहेर."

"पाइप," शेल म्हणाली आणि तिने कर्स्टीला शेजारच्या बोळात ओढलं. तिथे आधीच तीन-चार मफलर खोचलेले होते. कुणाचे कोण जाणे. माना मोडल्यासारखे लोंबत होते.

कर्स्टीने मला गळ्यातून काढलं. घडी केली. पाइप आणि भिंत यांच्यामध्ये सरकवलं. लोखंड बर्फासारखं होतं. विटा ओल्या होत्या. माझ्या भावाला शेवटचं हेच लागलं असेल, असं मनात आलं आणि मी डोरीनबाई म्हणायच्या ती प्रार्थना आठवू लागलो. एकही ओळ आठवेना.

"चल ना गं, पावणेसहा झाले!" इमोजेन दारातून.

कर्स्टीची बोटं अजून माझ्यावर होती. ती सुटत नव्हती. सायीच्या रंगाच्या पट्ट्यावर येऊन थांबली होती.

"आजोबा बसले नसतील," ती म्हणाली.

"काय?"

"ते बसत नाहीत. हा खुंटीवर आल्याशिवाय. टेबलाला धरून उभे असतील, खिडकीत बघत." ती शेलकडे वळली. "त्यांचे गुडघे बघितलेस ना तू?"

"फोन कर त्यांना," शेल म्हणाली. "सांग, जेवून घ्या म्हणून."

"मी हो म्हटलंय, शेल."

"टेबल जाईल आपलं!" इमोजेन जवळ आली. "सव्वासहाला देतात म्हणाली ना शेल? तू आठच्या आत येतेस का परत?"

"बघते. तुम्ही बसा. माझ्या वाटचं मागवा आणि खाऊन टाका."

"वेडी आहेस," शेल म्हणाली. पण ती हसत होती. "जा. आणि त्या म्हाताऱ्याला सांग, ढेकर काढायला विसरू नकोस म्हणावं."

कर्स्टीने मला पाइपामागून बाहेर काढलं. विटेची माती झटकली. गळ्याला दोन वेढे दिले आणि टोकं आत खोचली, अगदी मॅटी खोचतो तशी. आमच्या समोरून सगळं गाव पबांकडे येत होतं, गात, धक्के मारत, उघड्या दंडांनी. ती एकटी उलट दिशेने निघाली. भिंतीच्या कडेकडेने, घरची गाडी पकडायला स्टेशनच्या उताराला लागली.