पाहिलं त्यानं बोलायचं

विमानातून पेशंट न्यायला शिकवणारा बाईंचा वर्ग भरायचा तो एका मोडक्या विमानाच्या पोटात. पंख नाहीत, चाकं नाहीत, नुसतं धड, आणि तेही पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेलं. आत एक स्ट्रेचर, दोन खुर्च्या आणि चार भोंगे. भोंग्यांतून इंजिनाचा आवाज असा सोडायचे की शेजारच्याचं बोलणं राहू द्या, माणसाला स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये. स्ट्रेचरवर रबराचा पुतळा. त्याला सगळे मामा म्हणायचे. मामा दिवसातून चार वेळा मरायचे, आणि दर वेळी कुणातरी हुशार डॉक्टरच्या हातून.

"गेले मामा," भोंगे बंद करून बाई सांगायच्या. "आता मामींना काय सांगायचं ते ठरवा."

लोक हसायचे, पण ओशाळून. आपापल्या दवाखान्यात वाघ असलेली माणसं इथे दोन दिवसांत मांजर व्हायची. कारण जमिनीवर शिकलेलं बरंचसं वर चालतच नाही. स्टेथोस्कोप गळ्यात मिरवा हवा तेवढा, ऐकू काही येत नाही. हात छातीवर ठेवायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. शिवाय हवेची भानगड वेगळीच. पहिल्या आठवड्यात बाई सगळ्यांना खऱ्या विमानात बसवायच्या आणि हातात वेफर्सचं पाकीट धरून दाखवायच्या. वर गेलं की पाकीट टम्म फुगायचं.

"हेच पेशंटच्या छातीत होतं," त्या सांगायच्या. "फुप्फुसाला भोक पडलं की हवा बाहेर येऊन छातीत साचते. ती काढायला नळी घातलेली असते. ती नळी वर कायम उघडी हवी. चिमटा लावून बंद केलीत, की आत हे पाकीट फुगतं आणि हृदयाला दाबतं. मग माझ्याकडे बघून उपयोग नाही."

तरी लोक चिमटा लावायचेच. पूर्वी नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असायचं. पेशंटला उचलताना बाटली छातीपेक्षा वर गेली तर पाणी उलटं आत जाईल, म्हणून वॉर्डात शिकवलेलं असायचं, आधी चिमटा लाव, मग उचल. आता बाटली जाऊन झडपेची पिशवी आली, हवा बाहेर सोडणारी पण आत न घेणारी, पाण्याचा प्रश्नच उरला नाही. पण हाताला हे कोण सांगणार? म्हणून बाई पहिल्याच दिवशी सगळ्यांचे खिसे तपासून चिमटे काढून घ्यायच्या. त्यांचा स्वतःचा तेवढा त्यांच्या खिशात असायचा. चिकटपट्टी ओढायला, घट्ट झाकण फिरवायला तो हाताशी लागायचा. तीस वर्षांचा चिमटा, आणि तो बाईंच्या खिशातून काढून घेण्याची छाती कुणाची होती?

दुसरा नियम भिंतीवर खडूनं लिहिलेला होता. पाहिलं त्यानं बोलायचं. समोर मोठा डॉक्टर असो नाहीतर आणखी कुणी, चूक दिसली की त्याच क्षणी, मोठ्यानं. मान राखायचा तो खाली उतरल्यावर.

याच नियमावर मौनी अडकली होती. खरं म्हणजे ती वॉर्डात चांगली नऊ वर्षं काढलेली सिस्टर, पण तोंडातून शब्द काढायला तिला मुहूर्त लागायचा, म्हणून वर्गानं तिचं नाव मौनी पाडलं. हात सोन्यासारखा. हलत्या गाडीत, अंधूक उजेडात शीर शोधायची. पण परीक्षेत बाईंनी मुद्दाम एका डॉक्टरला औषध चुकीचं भरायला सांगितलं, तर हिनं ते पाहिलं आणि काही न बोलता हळूच सिरिंज बदलली.

"हात चालतो तुझा, जीभ का नाही चालत?" बाईंनी सगळ्यांसमोर झापलं. "उद्या तुझा हात पोचणार नाही तिथे चूक होईल, तेव्हा काय करशील?"

मौनी इथे हौसेनं आली नव्हती. तिच्या गावातून अत्यवस्थ पेशंट मोठ्या दवाखान्यात न्यायचा तर रस्त्यानं पाच तास लागायचे. ती त्यांना गाडीत चढवून द्यायची आणि त्यातले किती पोचले नाहीत ते दुसऱ्या दिवशी कळायचं. आता तिथे विमान येणार होतं आणि त्यात सिस्टरची एकच जागा होती. बाईंची सही मिळाली तर ती मौनीची, नाहीतर पुन्हा वॉर्ड आणि पुन्हा ती गाडी. त्या बोलण्यानंतर तिनं नेट लावला. परवा तर एका डॉक्टरला तिनं चक्क टोकलं. आवाज कापला, पण टोकलं. तरी बाईंचं मन मानत नव्हतं. आठवड्याभरात माणूस बदलत नसतो, असं त्यांचं मत. बाईंची मतं अशी ठाम असायची. घरीसुद्धा भाजीत मीठ नसलं तरी नवरा आणि मुलगी मुकाट्यानं जेवायची, आणि बाईंना वाटायचं आपला हात बिघडत नाही.

शेवटची परीक्षा म्हणजे खरा पेशंट, खरं उड्डाण, आणि सोबत बाई.

पेशंट होता परांचीवरून पडलेला गवंडी. उजव्या बरगड्या मोडून फुप्फुसात घुसलेल्या, छातीत नळी, श्वास मशीनवर. बरोबर त्याची बायको. तिला पुढे, कॅप्टनच्या पाठीमागच्या खुर्चीत बसवलं. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. धावपट्टीवर वारा असा की चादर धरून ठेवावी लागत होती. स्ट्रेचर दारातून आत घेताना तिरकं झालं. बाई डोक्याकडे, मौनी पायांकडे. तेवढ्यात मशीनची वायर दाराच्या कडीत अडकली, बाई ओरडल्या, "थांबा, थांबा," वायर सोडवली, स्ट्रेचर आत गेलं, पट्टे आवळले, दार लागलं.

दार लागल्यापासून आठव्या मिनिटाला, विमान वर चढत असताना, ऑक्सिजनचा आकडा सत्त्याण्णववरून एक्क्याण्णववर आला. मग चौऱ्याऐंशी. रक्तदाब खाली जायला लागला.

बाईंनी श्वासाची नळी तपासली. जागेवर होती. मशीन ठीक होतं. हात छातीवर ठेवला तर उजवी बाजू हलतच नव्हती, फुगून ताठ झाली होती. गळ्याच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. आकडा अठ्ठ्याहत्तर.

"छातीत सुई घालावी लागेल," बाई हेडफोनमध्ये म्हणाल्या. "मोठी सुई काढ."

मौनी हलली नाही.

"सुई काढ म्हणते ना."

"बाई," कानात बारीक आवाज आला. "छातीच्या नळीला तुमचा चिमटा आहे."

बाईंचा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तोवर मौनीनं चादर ओढून चिमटा सोडलासुद्धा. इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही, नुसती पिशवी भराभर फुगताना दिसली. छातीची उजवी बाजू आधी जराशी, मग पुरती हलायला लागली. आकडा चढू लागला. बाई त्याच्याकडे बघत बसल्या. उतरेपर्यंत दोघी कामापुरतंच बोलल्या.

मोठ्या दवाखान्यानं पेशंट ताब्यात घेतला. रिकामं स्ट्रेचर पुसताना बाईंनी विचारलं, "कधी पाहिलंस?"

"दारातच. स्ट्रेचर तिरकं झालं, पिशवी वर गेली, तेव्हा तुम्ही लावलात."

"दारातच?"

"मला वाटलं, आत गेल्यावर काढाल. मग नाही काढलात, तर वाटलं, तुम्ही ठेवलाय म्हणजे काहीतरी कारण असेल."

"आणि दुसऱ्या कुणी लावला असता तर?"

मौनीनं हातातल्या फडक्याची घडी केली. "तर बोलले असते."

अकरा वर्षं त्यांनी माणसांना बोलायला शिकवलं होतं, आणि माणसं शिकलीही होती. फक्त त्यांच्यासमोर कुणी बोलत नव्हतं. याआधी किती जणांनी पाहिलं असेल आणि बाई आहेत म्हणून तोंड मिटून घेतलं असेल, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि मौनीचा रागही आला. हो, रागही. आठ मिनिटं ही नुसती बघत बसली होती.

अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर गवंड्याची बायको होती. आतल्या डॉक्टरनं तिला एवढंच सांगितलं होतं की जीव वाचलाय, पण वर काही मिनिटं ऑक्सिजन फार कमी पडला, मेंदूचं काय ते शुद्धीवर आल्यावर कळेल. त्या दोघींना बघून ती उठली.

"वर काय झालं होतं? मला मागचं काही दिसत नव्हतं."

"उंचीवर छातीतली हवा फुगते," बाई म्हणाल्या. "तसं झालं. लक्षात आलं तसं लगेच सावरलं."

त्यातला एकही शब्द खोटा म्हणता आला नसता. तीस वर्षं या कामात काढली की अशी वाक्यं न शोधता सापडतात, ओठांवर तयारच असतात. गवंड्याची बायको मान डोलवायला लागली.

"बाई, तसं नाही झालं," मौनी म्हणाली.

आवाज कापत होता, पण कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला. एक वॉर्डबॉय वळून बघायला लागला.

"नळी बंद झाली म्हणून हवा फुगली," ती गवंड्याच्या बायकोला म्हणाली. "चढवताना बाईंनी चिमटा लावला आणि काढायचा राहिला. मी तो तेव्हाच पाहिला होता आणि आठ मिनिटं गप्प बसले. मी तेव्हाच बोलले असते तर हे झालंच नसतं."

गवंड्याची बायको एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. बाईंना बोलायला खूप होतं. धावपट्टी, वारा, अडकलेली वायर. सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीही आता तोंडातून काढायचं नाही हे त्यांना कळलं.

"ती सांगते तसंच झालं," त्या म्हणाल्या. "चूक माझी. मी आत्ता तुम्हाला अर्धंच सांगत होते."

गवंड्याची बायको बाकावर बसली. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "ह्यांना घरी न्यायची वेळ आली तर पुन्हा असंच वरून न्यायचं?"

"हो."

"तेव्हा बरोबर कोण असेल?"

बाईंच्या पिशवीत मौनीच्या परीक्षेचा कागद होता, सहीची जागा कोरी ठेवलेला.

गवंड्याची बायको मौनीकडे बोट करून म्हणाली, "ही असू दे."

"ही असेल," बाई म्हणाल्या. स्वतःचं त्यांनी काही सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.