बिनआवाजाचा कॉम्प्युटर

एवढंसं रबर... करंगळीच्या पेराएवढं, काळं, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं. पुनमच्या तळहातावर ते ठेवून नजीरभाई काउंटरपलीकडून काहीतरी समजावून सांगत होते, आणि ती मात्र नुसती ते दाबून पाहत होती. दाबलं की आत जायचं, सोडलं की पुन्हा तसंच व्हायचं, काही झालंच नाही असं.

"स्क्रूच्या जागी हे लावायचं, ताई. पंखा फिरला की पत्रा थरथरतो, आन् लोक म्हनतात पंखा आवाज करून राहिला. पंख्याचं निम्मंच असतं, बाकी समदा पत्रा. हे मधी घातलं की थरथर तिथंच जिरती."

तिने मान हलवली. हे तिला ठाऊक होतं. गेले तीन महिने काम आटोपलं की ती मोबाइलवर हेच पाहत होती – कुठला पंखा हळू फिरतो, कॉम्प्युटरचा कुठला डबा आतून स्पंज लावलेला असतो, जुन्या हार्ड डिस्कची करकर नको असेल तर तिच्या जागी काय घालायचं – आणि पाहता पाहता एका कागदावर उतरवून घेत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. तो कागद आता काउंटरवर पसरला होता, घड्यांवर मळलेला. बारावीच्या परीक्षेलासुद्धा तिने एवढा अभ्यास केला नव्हता.

नजीरभाईंचं दुकान नांदेडला वजिराबादेतल्या एका बोळाच्या तोंडाशी होतं. आधी ते रेडिओ दुरुस्त करायचे. मान तिरकी करून यंत्राचं म्हणणं ऐकायची सवय त्यांना तेव्हाची. पुनमचा कागदही त्यांनी तसाच मान तिरकी करून वाचला.

"घरात कोनी आजारी हाय का?" त्यांनी विचारलं. "न्हाई, येनारा जो तो म्हनतो फास्ट पायजे. आवाज नको म्हननाऱ्या तुम्ही पैल्याच."

"मुलगी आहे, सात वर्षांची. तिला आवाज सहन होत नाही."

हे वाक्य तिने शेजारणींना, शाळेतल्या बाईंना, नवऱ्याच्या, वैजनाथच्या बहिणीला, इतक्या जणांना सांगितलं होतं की आता ते तिच्या तोंडून घरचा पत्ता सांगावा तसं येई. आवाज सहन होत नाही, म्हणून कंधारला ठेवलीय, आईकडे. ऐकणारा हळहळायचा. कुणी पुढे विचारत नसे.

"अच्छा," नजीरभाई म्हणाले आणि त्यांनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "मंग हे बरोबर लिवलं तुम्ही. ग्राफिक्स पोटातच असलेला प्रोसेसर घ्या. येगळं कार्ड नको, म्हंजे त्याचा पंखाबी नको. पत्रिका, फ्लेक्स, हिशोबाचे तक्ते, एवढ्याला लई झालं. फक्त रॅम दोन पट्ट्यांत घाला, एकात न्हाई."

"आणि पॉवर सप्लाय?"

"तिथं हात आखडू नका. सस्त्यातला घेतला तर बाकी समदं केलेलं पान्यात."

पुनमने पेन घेतलं आणि मॉनिटरच्या ओळीवर काट मारली. चांगल्या रंगांचा मोठा मॉनिटर तिला हवा होता. जुन्यावर कुंकवाचा लाल नेहमी विटकरी दिसे आणि छापून आलं की गिऱ्हाईक कुरकुर करी. करू दे. रंग डोळ्यांनी सांभाळून घेता येतात. आवाज – आवाजाचं तिला काही सांभाळता आलं नव्हतं...

वैजनाथला लातूरला बियाण्यांच्या कंपनीत गोदामाचं काम लागलं आणि तो रविवारपुरता घरी येऊ लागला, त्याच महिन्यात जुना कॉम्प्युटर घरात आला होता. सेकंडहँड. प्लग भिंतीला होता, म्हणून टेबल भिंतीला लागलं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांची बिलबुकं, एका पतसंस्थेचे महिन्याचे तक्ते – काम मिळत गेलं आणि पुनमला प्रथमच वाटलं की आपल्या हाताला किंमत आहे. बटण दाबलं की आधी आत घोंघाट उठे, मग तो जरा खाली बसे आणि तिथेच राही, दिवसभर, गुळाच्या ढेपेवर माश्या घोंगावत राहाव्यात तसा. साक्षी तेव्हा पाच वर्षांची. फरशीवर तिची भातुकली मांडलेली असायची. सुरुवातीला ती नुसती कानांवर हात ठेवून बसे. मग बटणाला हात लागला की किंचाळू लागली. मग एका दुपारी – अकरा पत्रिका द्यायच्या होत्या, वैशाखातले मुहूर्त कुणासाठी थांबत नाहीत – पुनमने मागे वळून पाहिलं तर साक्षीने स्वतःचंच मनगट दातांत धरलं होतं. ओरडत नव्हती. नुसती धरून बसली होती, आणि डोळे पुनमच्या पाठीवर.

चार दातांचे वळ. पुनमने त्यांना खोबरेल लावलं आणि आईला फोन केला. आठ दिवस ने गं हिला, एवढी लग्नसराई होऊ दे.

आठ दिवस. जूनमध्ये तिथल्याच शाळेत नाव घातलं. आता एक वर्ष नऊ महिने झाले होते.

जोडणीला दुपार गेली. पुनम स्टुलावर बसून पाहत राहिली. नजीरभाई एकेक भाग खोक्यातून काढत, फुंकर मारत, बसवत. ती मनात घर लावत होती: टेबलाखाली हा डबा, शेजारी साक्षीचं दप्तर, शाळा इथलीच, तरोड्याची, संध्याकाळी मी काम करीन आणि ती खाली बसून अभ्यास करील, आणि खोलीत एवढी शांतता असेल की तिच्या पेन्सिलीचा आवाज मला येईल. हे चित्र तिने इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यातल्या पेन्सिलीचा रंगसुद्धा ठरलेला होता.

"लावतो बरं का," नजीरभाई म्हणाले.

पडदा उजळला. पुनम वाट पाहत राहिली... काही नाही. तिने वाकून डब्याला कान लावला. आत कुठेतरी, फार खोल, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखं काहीतरी होतं, तेही कान लावला तरच.

"बगा," नजीरभाई हसले. "आवाज हाय, पर तुमच्यापतुर येत न्हाई."

तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. दुकानातच तिने फोन काढून कंधारला लावला. शाळा सुटली असेल. आईने फोन उचलला तो एका प्रचंड घरघरीतून.

"मोठ्यानं बोल गं! ऐकू येईना!"

"आई, हा कसला आवाज?"

"गिरनी हाय की, मल्लेशची! साक्षीला न्यायला आले. रोजचंच झालं हाय तिचं. दप्तर टाकलं की हितं पळती. पीठ धरू लागती डब्यात. पार पांढरी भूत होऊन राहिली बग!"

गिरणी आईच्या घराला लागूनच होती. पुनम जाई ती रविवारी, आणि रविवारी गिरणी बंद. पत्र्याचं ते मिटलेलं दार तिने कितीदा तरी पाहिलं होतं.

"गिरणीत? अगं, तिला आवाज..."

"कशाचा आवाज? पट्ट्याशेजारी हुबी ऱ्हाती आन् मल्लेशच्या बायकोसंग गप्पा हानती. दोघी वरडून बोलत्यात. मला वाटलं तुला सांगितलं आसंल तिनं... थांब, देते तिला."

फोन हातातून हातात गेला. मग साक्षीचा श्वास.

"आई, मी पीठ धरून राहिले."

"साक्षी, ऐक ना. मी नवा कॉम्प्युटर घेतलाय. अजिबात आवाज नाही त्याचा. हे बघ..." तिने फोन डब्याजवळ नेला. नजीरभाईंनी सौजन्याने हातातलं खोकं सावकाश खाली ठेवलं. "आला का आवाज?"

"काहीच येईना."

"तेच तर! आता यायचं ना घरी?"

पलीकडे गिरणी भरडत राहिली.

"त्याच्यावर बी पत्रिकाच करायच्या का?"

"हो... कराव्या लागतील ना गं."

"मंग मी हितंच ऱ्हाते." रुसवा नव्हता. पोट भरलेलं मूल आणखी भाकरी नको म्हणतं, तसं म्हणाली. मग फोनपासून दूर, मोठ्याने, आनंदाने – "आज्जी, डबा भरला!"

फोन बंद झाला होता. पुनमने तो कानालाच धरून ठेवला, कारण तो खाली घेतला की नजीरभाईंकडे पाहावं लागलं असतं.

लातूरचे ते डॉक्टर, साक्षीचे कान दाखवायला नेलं होतं ते... त्यांनी विचारलं होतं. चष्म्यावरून पाहत, साधं विचारलं होतं – सगळ्याच आवाजांचा त्रास होतो, की एखाद्याच? आणि मी म्हणाले, सगळ्याच. वैजनाथने माझ्याकडे पाहिलं. मिक्सर लागला की ही टाळ्या वाजवायची. गणपतीत ढोलांसमोर बापाच्या खांद्यावर बसून नाचली होती. मला हे माहीत नव्हतं? माहीत होतं. पण कान म्हटलं की औषध असतं, इलाज असतो, आणि काही नाही तर चांगल्या कंपनीचा पंखा असतो. बटणाचा आवाज झाला की आई जाते आणि खुर्चीवर नुसती पाठ उरते, तिला हाक मारली की ती न वळता 'थांब गं, एवढं झालं की' म्हणते, आणि एवढं कधीच होत नाही – याला दुकानात काय मागायचं होतं?

"काय झालं, ताई? आवाज येतो का?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच येत नाही."

"मंग पॅक करू?"

ती हो म्हणाली.

घरी येऊन तिने डबा टेबलाखाली ठेवला, तारा जोडल्या, आणि करायचं म्हणून निलंग्याची एक पत्रिका उघडली. उद्या छापायला द्यायची होती. वधूचं नाव, वराचं नाव, निमंत्रकांची लांबलचक यादी. कुणा काकाचं नाव राहिलं होतं, ते घातलं. वेल जरा डावीकडे सरकवली. पुन्हा उजवीकडे घेतली. तिने मान वर केली तेव्हा खिडकीतला उजेड गेला होता, आणि दारात दूधवाला पिशवी अडकवून गेला होता. केव्हा, ते तिला कळलं नव्हतं.

ती घाबरली. जुना निदान घोंघावून सांगत तरी होता की ही चालली आता, हिला आता हाक मारू नका. त्यावर किंचाळता येत होतं. हा काहीच सांगत नव्हता. एवढ्या शांतपणे तो तिला घेऊन गेला होता की मागे खोलीत कुणी असतं तर त्याला पत्ताही लागला नसता.

तिने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे पाठ करून खोलीकडे तोंड केलं. मोकळी फरशी, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यात घडी घातलेली छोटी चटई. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. असं किती वेळ बसलं म्हणजे बसलं म्हणतात, ते तिला माहीत नव्हतं. मागे पत्रिका अर्धवट उघडी होती आणि हात आत्ताच माऊसकडे जायला पाहत होते. एक वर्ष नऊ महिने ती एकच प्रश्न घोकत आली होती, साक्षी केव्हा येईल? आता तो मनात आणू गेलं तर दुसराच पुढे येत होता, आणि तो सरता सरत नव्हता... ती आली, तर इथे कोण असेल?